पडद्यावरचे बाळे

सोलापूर जिल्ह्यात आणि थोडंफार विजापूरकडेही माझी चित्रं अजून कितीतरी घरांत भिंतीवर टांगलेली आहेत. फक्त प्रत्येक चित्राच्या पुढे कोणीतरी उभं आहे. कोणाचे आजोबा खुर्चीत बसले आहेत, कोणाची आत्या फुलदाणीवर हात ठेवून ताठ उभी आहे, आणि त्यांच्या मागे जो राजवाड्याचा जिना, तळ्यातली होडी किंवा धुक्यातला बंगला दिसतो, तो माझा. पण फोटो बघणाऱ्याची नजर आजोबांच्या मिशीच्या पलीकडे जात नाही. कलावंताला नम्र व्हायचं असेल तर त्यानं फोटोवाल्याचे पडदे रंगवावेत, दुसऱ्या साधनेची गरज नाही.

मी मूळचा नातेपुत्याचा. सोलापुरात आलो तो गिरणीत लागायला. पण कापसाचं तूस माझ्या छातीला मानवेना. शाळेत असताना गुरुजींचं चित्र पाटीवर काढून मार खाल्लेला होता, तेवढ्या शिक्षणाच्या बळावर भवानी पेठेत एका फोटोवाल्याकडे पडदे रंगवायला लागलो. त्यांना सगळे अंबादास मास्तर म्हणत. घरात तेलुगू, धंद्यात मराठी आणि गिऱ्हाईक फोटोच्या वेळी हललं की दखनी उर्दू, अशी त्यांनी भाषांची वाटणी केलेली होती. गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागेची आहे.

आमची सुगी म्हणजे गड्डा. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते आणि तिच्यासोबत मैदानावर जो बाजार बसतो त्याला आम्ही गड्डा म्हणतो. बैलबाजार, घोंगड्या, बांगड्या, पितळी भांडी, लाकडी घोड्यांचे पाळणे, दोन डोक्यांचं वासरू, सगळं एका ठिकाणी. माझ्यासारख्याला तर ती चित्रशाळाच होती. एरवी वर्षभर चित्र बघायचं म्हणजे दुकानातलं कॅलेंडर बघायचं. गड्ड्यात प्रत्येक तंबूच्या कपाळावर चित्र. बाजार मांडला जात असतानाच मी हिंडून घ्यायचो आणि डोळ्यांनी चोऱ्या करायचो. एका वर्षी एका लुगड्याचा रुईफुलाचा काठ मला इतका आवडला की तो मी राजवाड्याच्या खांबांवर जसाच्या तसा चढवला. विणकरांच्या, पद्मशाली घरांतल्या बायका फोटोला आल्या की राजवाड्याकडे ढुंकून न बघता आधी खांबाला हात लावून म्हणायच्या, "हा काठ आमच्या गल्लीतला." चोर पकडला जायचा, पण त्यांना राग यायचा नाही. स्वतःच्या गल्लीतला काठ राजवाड्याला शोभतो हे त्या आधीपासूनच धरून चालत असाव्यात.

आता धंद्यातली मेख. पडदा म्हणजे जाड मांजरपाट. त्याला सरस आणि सफेद्याचा हात द्यायचा, वाळला की सरसातच कालवलेल्या रंगांनी चित्र काढायचं. गड्डा संपला की चैत्रात पडदा पाण्यात बुडवून धुवायचा आणि पुढच्या वर्षी त्याच कापडावर नवं चित्र. म्हणून माझं एकही मूळ चित्र शिल्लक नाही. रंगसुद्धा नावापुरते. काजळी, सफेदा आणि जरासा गेरू. फोटोत सगळं काळंपांढरंच येणार, आणि तेव्हाच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटा तर अशा वाकड्या डोक्याच्या होत्या की तांबडं दिसलं की काळं करायच्या आणि निळं दिसलं की पांढरं. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. मी मोठ्या हौसेनं मावळतीचा लालभडक सूर्य काढला. फोटोत तो तव्यासारखा काळाकुट्ट आला. त्याच्यापुढे उभं राहिलेलं नवं जोडपं दुसऱ्या दिवशी फोटो न्यायला आलं, तर बरोबर दोन्हीकडचे म्हातारे. ग्रहणात फोटो काढलाच कसा, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी फुकट दुसरा फोटो काढून दिला आणि त्या दिवशी मला तिन्ही भाषांतून समज दिली.

माझ्या कलेला पहिली पावती दिली ती एका एडक्यानं. सांगोल्याकडचा एक धनगर आपल्या लाडक्या एडक्यासह फोटो काढायला आला. मास्तर काळ्या कापडात डोकं घालून "हलू नका" म्हणतायत, तेवढ्यात एडक्याची नजर माझ्या पडद्यावरच्या हरणावर गेली. तो चार पावलं मागे सरला आणि धावत जाऊन त्यानं हरणाला अशी धडक दिली की डोकं पडद्यातून आरपार. मास्तर ओरडायला लागले. धनगर शांत. म्हणाला, "त्येची चूक न्हाय. तुमचं हरीण त्येच्याकडं डोळं वटारून बगतंय की." मी मान खाली घालून उभा होतो, पण खरं सांगायचं तर पोटात गुदगुल्या होत होत्या. पुढे मला बक्षिसं मिळाली नाहीत याचं दुःख मी त्या एडक्याच्या आठवणीवर भागवतो.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

गड्ड्याच्या महिनाभर आधी भवानी पेठेतल्या आमच्या दुकानात मैंदर्गीचे एक व्यापारी आले. चनबसप्पा त्यांचं नाव. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर उपरणं, बोलणं अगदी सावकाश. पोथी वाचणारे होते, त्यामुळे कानडी असो की मराठी, शुद्ध बोलायची त्यांना हौस. मास्तर बाहेरगावी गेले होते. दुकानात मी एकटा. आणि मला कानडी येत होती ती एवढीच, की 'बर्री' म्हटलं की यायचं आणि 'होगरी' म्हटलं की जायचं.

"पडदा पाहिजे," ते म्हणाले. "खास. आमच्या दोघांच्या फोटोला. हिला सांगायचं नाही. तिथं आल्यावर बघून चकित झाली पाहिजे."

"काय काढू, अप्पा?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली की. देवानं सगळं दिलं. दुकान दिलं, शेत दिलं. बाळे तेवढे मिळाले नाहीत."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"लई फिरलो," ते म्हणाले. "अक्कलकोट केलं, आळंद केलं, विजापूरपर्यंत माणूस पाठवला. कुठंच नाही मिळालं. त्या साली दुष्काळ होता. शेवटी कडब्यावर भागवलं."

दुष्काळाचा आणि याचा काय संबंध, हे मला कळलं नाही. कडब्याचं तर मुळीच नाही. पण कानडीत तशी बोलायची पद्धत असेल, असं मी धरलं. दुःखी माणसाला उलटे प्रश्न विचारू नयेत, एवढं मला कळत होतं.

"आणि ही रोज बोलून दाखवते," ते म्हणाले. "घरात काही बिनसलं की तेच. बाळे कुठं होते? बाळे नाहीत तर लग्न कसलं? म्हणून एकदा हिला उभं करायचं, हिकडं एक बाळे, तिकडं एक बाळे, मधी आमी. म्हणजे तोंड बंद."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. "कशी काढू?" मी विचारलं.

"कोवळे पाहिजेत. वाळलेले नकोत."

"छे, छे! चांगली गुबगुबीत काढतो."

"गुबगुबीत? व्हय, भरलेले पाहिजेत. आणि उंच. हिच्या डोक्याच्या वर गेले पाहिजेत."

इथे माझ्यातला कारागीर जागा झाला. बाईच्या डोक्यापेक्षा उंच बाळ कसं काढायचं? रात्रभर डोकं चालवून मी तोड काढली. दोन्ही बाजूंना दोन गोल उंच खांब, आणि प्रत्येक खांबावर एक एक बाळ, टाळ्या पिटत उभं. नमुन्यासाठी विलायती दुधाच्या डब्यावरचं बाळ घेतलं. कुरळे केस, दंडाला वळ्या, गालांवर जरा गेरू. त्यांच्या बायकोच्या, शिवम्मांच्या बाजूचं म्हणजे उजवीकडचं बाळ मी जास्त मन लावून काढलं. ती माउली निदान फोटोत तरी त्याच्या जवळ उभी राहील, या विचारानं त्याची मान मी खाली, तिच्याकडे वळवली.

मास्तर परत आल्यावर पडदा बघून म्हणाले, "फार छान. पण हे कोणाला पाहिजे?" मी सगळी कहाणी सांगितली. तेलुगू आणि नातेपुते अशा दोन प्रांतांनी मिळून एका कानडी माणसासाठी हळहळ केली.

ठरलेल्या दिवशी, गड्ड्यात, दुपार टळत असताना आमच्या तंबूच्या दारात एक तरुण आला. त्याच्यामागे दुसरा. मग कडेवर पोर घेतलेली एक मुलगी, मग आणखी एक, मग शेंगा खाणारी तीन पोरं. मी म्हटलं, "एकेक जण या. कोणाबरोबर आलात?"

मागून चनबसप्पा आत शिरले. "आमच्याबरोबर. ही आमचीच की. सात. बारकी आहेत ती नातवंडं, ती वेगळी."

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. माझी महिनाभराची दया एका क्षणात फुकट गेली.

तोवर शिवम्मा आत आल्या होत्या. चांगल्या अंगापिंडानं भरलेल्या, कपाळाला विभूती, अंगावर नवंकोरं इरकल. पडद्यापुढे येऊन त्या थांबल्या. उजवीकडच्या बाळाकडे त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, बाई चित्रातली चूक शोधतायत.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "सात पुरली न्हाईत काय?"

सगळा तंबू हसायला लागला. सुना पदराआड हसल्या, पोरं कशाला हसायचं ते न कळताच हसली. चनबसप्पा मात्र पडद्याकडे बघत होते आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"हे काय?" ते मला म्हणाले. "बाळे कुठं आहेत?"

"हीच की, अप्पा. दोन बाळं."

"बाळं न्हाय हो, बाळे! बाळे! दारात लावतात की लग्नात! लांब पानाचं! ज्याला हे लागतं..." आणि त्यांनी हातानं सोलून खायची खूण केली.

"केळ!" मी ओरडलो.

"अरटि!" मास्तर कपाळावर हात मारून तेलुगूत ओरडले. "आधी अरटि म्हणायचं की!"

कानडीत केळीला बाळे म्हणतात. माणूस दुकानात केळं मागेल मराठीत, पण लग्नातल्या वस्तूंची नावं घरच्याच भाषेत तोंडात येतात. त्यातून चनबसप्पांना शुद्ध बोलायचं वेड. खेड्यातल्या चार लोकांसारखं 'बाळी' म्हणाले असते, तर मी निदान कानातली रंगवली असती.

मग खरी हकीकत कळली, ती शिवम्मांच्या तोंडून. त्यांचं लग्न दुष्काळात झालं. मांडवाच्या दाराला लावायला केळीचा खुंट पंचक्रोशीत मिळेना. शेवटी दोन बाजूंना कडब्याच्या दोन पेंढ्या उभ्या केल्या. "त्यातली एक तर अक्षता पडायच्या आत बैलानं खाल्ली," शिवम्मा म्हणाल्या. "एका बाजूनं उघड्या मांडवात लगीन झालं माजं. मी हेंना म्हनते, अर्दंच झालंय. मी कवाबी म्हायेरला जाऊ शकते."

पोरं पुन्हा हसली. त्यांनी हे हजारदा ऐकलेलं असणार. पण चनबसप्पा फोटोच्या खुर्चीवर आमच्याकडे पाठ करून बसले. "तीस वर्षं," ते हळू म्हणाले. "थट्टाच करते ती, मला कळतंय. पण प्रत्येक वेळी लागतं की हो. एकदा तिला बाळेमधी उभं करायचं होतं. सगळी पोरं जमवली. उद्या पहाटे गाड्या जुंपायच्या. परत कवा जमणार?"

त्या माणसाच्या पाठीकडे बघून मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी म्हटलं, "अप्पा, आज ऊन आहे तोवर तुमचं लग्न पुरं करतो."

बोलून गेलो खरा, पण ऊन होतं कुठं? विजेचा दिवा आमच्याकडे नव्हता. तंबूच्या छताला पांढरं कापड होतं, त्यातून उतरणाऱ्या उन्हावर फोटो. पौषातलं ऊन, तासा-दीड तासात मालवणार. खरे खुंट आणावेत म्हणून मास्तर स्वतः बाजारात पळाले. जत्रेच्या मांडवांनी सगळे खुंट केव्हाच उचलले होते. मास्तर घाम पुसत परत आले ते केळ्यांचा एक घड घेऊन. "हे टांगा," म्हणाले. टांगायला जागा शोधेपर्यंत नातवंडांनी घड संपवला.

मी ब्रश उचलला. एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली होती, ते गोल उंच खांब. त्यांचेच बुंधे केले. वरच्या बाळांच्या हातांची लांब पानं केली, पोटाचा घड केला. सरसाच्या रंगावर दुसरा रंग द्यायचा तर मध्ये तुरटीच्या पाण्याचा एक हात देऊन वाळू द्यावं लागतं, नाहीतर ओलीनं खालचा रंग वर येतो. हे मला पक्कं माहीत होतं. पण छतावरचं ऊन झपाट्यानं पिवळं पडत होतं. मी तुरटीला फाटा दिला. शिवम्मा मागे उभ्या राहून सूचना करत होत्या. "पान फाटकं दाखवा जरा. अख्खं पान कुटं असतंय वाऱ्यात?" बाईची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. मी पानं फाडली आणि त्या फाटण्यानंच केळ जिवंत झाली.

दोघं उभे राहिले. ओल्या रंगाला लुगडं लागू नये म्हणून एका सुनेनं मागून पदर धरला होता आणि ती खुर्चीआड दडली होती. मास्तर काळ्या कापडातून बाहेर आले, म्हणाले, "आता हलायचं नाही, श्वाससुद्धा नाही," आणि भिंगावरचं टोपण काढून आकडे मोजायला लागले.

टोपण लागल्यावर शिवम्मा म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. आता म्हायेर बंद."

चनबसप्पांनी उपरणं काढून तोंड पुसलं.

पहाटे फोटो न्यायला थोरला मुलगा आला. फोटो सुरेख उतरला होता. पण पाकिटात घालताना मास्तरांनी मला तो डोळ्यांजवळ धरून दाखवला. शिवम्मांच्या बाजूच्या केळीत, फाटक्या पानाखाली, एक चेहरा होता. पुसट, पण चेहराच. तुरटी न दिल्यामुळे गालांचा गेरू वर आला होता, आणि आमच्या प्लेटेनं आपल्या स्वभावाप्रमाणे तो काळा करून ठेवला होता. मान खाली वळवून ते बाळ शिवम्मांकडे बघत होतं. प्लेटेवर पेन्सिल फिरवून दुसरी प्रत काढायला वेळ नव्हता. बाहेर गाड्या जुंपलेल्या. मास्तरांनी पाकीट बंद केलं आणि मी तोंड बंद केलं. सांगायला हवं होतं. तीस वर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाला मी खोट असलेला माल दिला, ही गोष्ट वर्षभर माझ्या मनात सलत राहिली.

पुढच्या गड्ड्यात मैंदर्गीची मंडळी आमच्या तंबूकडे येताना दिसली आणि मी सरळ पडद्यामागे जाऊन उभा राहिलो. पण पडद्याखालून पाय दिसतात, हे पडदे रंगवणाऱ्यालाच सुचू नये! शिवम्मा म्हणाल्या, "पेंटर, भाईर या. तुमचं पाय मी वळकलं. रंगानं भरल्यात."

फोटोच्या चौकटीची काच तडकली होती, ती बदलायला ते आले होते. चनबसप्पांनी फोटो मास्तरांना दाखवला, मैंदर्गीत किती लोक येऊन बघून गेले ते सांगितलं, आणि मास्तरांना घेऊन काचवाल्याच्या दुकानाकडे माप सांगायला गेले. मी आणि शिवम्मा राहिलो. त्यांनी चौकट मांडीवर घेतली आणि पानाखाली बोट ठेवलं.

"हे तुमी काडलंय का आपोआप आलंय?"

"चूक झाली, अक्का," मी म्हटलं. "घाई केली मी. खालचा रंग वर आला. प्लेट मास्तरांकडे आहे. पेन्सिल फिरवून ते घालवून टाकतो आणि नवी प्रत देतो."

"न्हाय, न्हाय. हात लावू नका."

त्यांनी बोट तिथंच ठेवलं. मग म्हणाल्या, "सात म्हनतो आमी. खरं आट हायत. पयली एक पोरगी झाल्ती. पाच दिस होती. नाव ठेवायच्या आदीच गेली, म्हनून मोजताना कुनी धरत न्हाय तिला. मी बी धरत न्हाय, सात म्हनायची सवय लागली. गेल्या साली तुमच्या पडद्यावर ती माज्याकडं मान करून उबी हुती. मी म्हटलं, जाऊ दे, पुसतील आता. तर तुमी पुसलं आनि ती तरीबी आली."

मूळ पडदा तर मी चैत्रातच धुऊन टाकला होता.

"हेंना म्हाईत हाय का, ठावं न्हाय," त्या म्हणाल्या. "कदी बोललो न्हाय आमी. तुमी सांगू नका."

"नाही सांगणार, अक्का."

तेवढ्यात चनबसप्पा नवी काच कागदात गुंडाळून घेऊन परत आले. मास्तरांनी ती चौकटीत बसवली आणि फोटो उजेडाकडे धरला.

"काय?" चनबसप्पांनी बायकोला विचारलं. "आता नीट दिसतंय न्हवं? बाळे आले की न्हाय?"

"आले की," शिवम्मा म्हणाल्या. "दोन्ही आले."

चनबसप्पांनी मान हलवली. मास्तरांच्या हातून त्यांनी चौकट घेतली, उपरण्याच्या टोकानं नवी काच पुसली, आणि बायकोच्या बाजूच्या केळीच्या पानाखाली ते जरा जास्त वेळ पुसत राहिले.